फॉरवर्डचा गुणाकार आणि आमची रॉयल्टी : हक्कधारकांच्या संघटनांना खुले पत्र

प्रति,
प्रकाशक, ध्वनिमुद्रण कंपन्या आणि चित्रपट-निर्माते यांच्या संघटनांचे पदाधिकारी

विषय : 'शेअरिंगमुळे कलावंतांचे झालेले नुकसान' या नावाने प्रसिद्ध होणारे आकडे

स. न. वि. वि.

अमुक इतक्या प्रती फुकट वाटल्या गेल्या, म्हणून कलावंतांचं तमुक इतकं नुकसान झालं, असा एक आकडा तुमच्यापैकी कोणी ना कोणी दर थोड्या दिवसांनी प्रसिद्ध करतं. त्या आकड्याच्या जोरावर कायदे कडक करून मागितले जातात आणि एका पीडीएफसाठी विद्यार्थ्याला नोटीस जाते. ज्यांच्या नावाने हा आकडा काढला जातो ते आम्ही : लेखक, भाषांतरकार, गीतकार, संगीतकार, पटकथाकार. आमचं घर रॉयल्टीवर चालतं, तेव्हा आमचं काम कोणी फुकट वाटलं तर आनंद होण्याचं काही कारण नाही. पण हा आकडा आमच्या नावावर खपवला जाणं यापुढे आम्हाला मान्य नाही. तो चुकीचा आहे आणि त्याच्या आडोशाने खरं नुकसान कुठे होतं ते झाकलं जातं.

हे पत्र साध्या शेअरिंगबद्दल आहे. मित्राला पाठवलेली फाइल, ग्रुपवर टाकलेलं पुस्तक, नात्यात वापरला जाणारा पासवर्ड, अशा गोष्टींबद्दल. जाहिराती लावून दुसऱ्याच्या कामावर धंदा करणाऱ्या साइट्स हा वेगळा विषय आहे. तुमच्या पत्रकांत मात्र दोन्ही एकाच रकान्यात बसतात.

पहिली तक्रार गुणाकाराची.

एका पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडते. ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १,०२४ माणसं असू शकतात. समजा, तेवढी आहेत. पुस्तकाची किंमत कोणत्याही चलनात १०० धरू. तुमच्या रीतीने नुकसान झालं १,०२,४००. बातमी तयार.

आता तीच फाइल जरा जवळून बघू. ज्यांच्या फोनमध्ये ऑटो-डाउनलोड चालू आहे, तिथे ती आपोआप उतरते. मालकाला पत्ताही नसतो, पण मोजणीत तो 'डाउनलोड' होतो. ज्यांनी मुद्दाम उतरवली, त्यांतले बरेच जण 'वाचू कधीतरी' म्हणून ठेवून देतात आणि फोन भरला की पहिली तीच पुसतात. समजा, ६० जणांनी ती खरोखर वाचली. या ६० पैकी किती जणांनी एरवी पुस्तक विकत घेतलं असतं? संगीतापुरतं या प्रश्नाचं एक उत्तर उपलब्ध आहे. राफेल रॉब आणि जोएल वाल्डफोगेल यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून २००६ मध्ये मांडलं की, एक अल्बम उतरवला की विक्री ०.२ ने घटते, म्हणजे पाच डाउनलोडमागे एक विक्री जाते. कारणही त्याच पाहणीत आहे : उतरवलेले अल्बम त्या मुलांच्या लेखी विकत घेतलेल्या अल्बमपेक्षा एक तृतीयांश ते निम्म्याने कमी मोलाचे होते. पैसे मोजावे लागले असते तर त्यातले पुष्कळसे त्यांनी घेतलेच नसते. हा दर पुस्तकांना जसाच्या तसा लागू होत नाही, पण मासल्यापुरता लावू. ६० वाचकांमागे १२ विक्री गेल्या.

यातलं लेखकापर्यंत किती पोचलं असतं? किंमत १००, त्यातली ४० विक्रेत्याची सूट. प्रकाशकाच्या हातात ६०. करारात 'निव्वळ प्राप्तीच्या १० टक्के' असेल तर लेखकाचे ६. बारा प्रतींचे ७२. लेखकाला आधी दिलेली आगाऊ रक्कम रॉयल्टीतून अजून फिटलेली नसेल तर हे ७२ही लेखकाच्या खात्यात आले नसते. मागची बाकी तेवढी कमी झाली असती, इतकंच.

बातमीत १,०२,४०० आणि लेखकाच्या रॉयल्टी-पत्रकात ७२. मधला सगळा फरक तुमच्या गुणाकाराचा आहे.

पण ७२ म्हणजे शून्य नव्हे, हेही त्याच दमात सांगायला हवं. जे पुस्तक सगळं मिळून ५०० प्रती खपणारं आहे, त्याची फाइल अशा दहा ग्रुपांत फिरली तर १२० विक्री जातात, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. लाखभर खपणाऱ्या पुस्तकाला तेवढ्याच फॉरवर्डने ओरखडाही उठत नाही. 'कोणाचंच काही बिघडत नाही' म्हणणाऱ्यांना हा ५०० प्रतींचा लेखक दिसत नाही, आणि तुमच्या कोटींच्या बेरजेतही तो दिसत नाही.

आकडे फुगवलेले असतात हे केवळ आमचं म्हणणं नाही. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने एप्रिल २०१० मध्ये नकली माल आणि पायरसीच्या नुकसानीचे सतत सांगितले जाणारे तीन सरकारी अंदाज तपासायला घेतले. तिन्हींच्या मुळाशी कोणती माहिती आणि कोणती पद्धत होती, याचा माग लागला नाही.

दुसरी तक्रार : संशोधनातून सोयीचं तेवढंच उचललं जातं. फुकट वाटण्याचे समर्थकही यात मागे नाहीत, पण पत्र तुम्हाला आहे.

मुळात हे मोजणं अवघड का, ते आधी बघा. जे लोकप्रिय असतं ते जास्त विकलं जातं आणि जास्त वाटलंही जातं. दोन आकडे नुसते शेजारी ठेवले तर शेअरिंगमुळेच खप वाढतो, असा भलताच निष्कर्ष निघेल. म्हणून अभ्यासकाला अशी एखादी गोष्ट शोधावी लागते, जिने शेअरिंग कमी-जास्त होतं पण लोकांची आवड जागच्या जागी राहते. फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ यांनी त्यासाठी जर्मनीतल्या शाळांच्या सुट्ट्या घेतल्या. सुट्टीत तिकडची मुलं घरी, संगणक चालू, म्हणून त्यांच्या संगणकांवरून अमेरिकेत बसलेल्याला गाणी उतरवायला सोपी. २००२ च्या शेवटच्या महिन्यांतल्या माहितीवर आधारलेला त्यांचा निष्कर्ष २००७ मध्ये छापून आला : अल्बमच्या विक्रीवर झालेला परिणाम शून्यापासून वेगळा काढता येत नाही. स्टॅन लीबोविट्झ यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी त्यावर कडक आक्षेप घेतले, आणि नंतरच्या बऱ्याच अभ्यासांना काही ना काही घट आढळली. फुकटवाले पहिलं वाक्य सांगतात, तुम्ही दुसरं.

स्वीडनचंही तसंच. तिथे एप्रिल २००९ मध्ये बेकायदा शेअरिंगविरुद्धचा कायदा कडक झाला. पहिल्या सहा महिन्यांत इंटरनेटवरची वाहतूक १६ टक्क्यांनी घटली आणि संगीताची विक्री ३६ टक्क्यांनी वाढली. हा आकडा तुमच्या बाजूचा आहे आणि तो खरा आहे. पण त्याच अभ्यासात पुढे म्हटलंय की चित्रपटाची तिकिटं आणि डीव्हीडी यांच्या विक्रीत काही फरक दिसला नाही, आणि सहा महिन्यांनंतर संगीतातला परिणामही जवळजवळ पुसला गेला. कारवाई होत नाही हे लोकांच्या लक्षात आलं असावं, असा अभ्यासकांचा कयास.

युरोपियन कमिशनने ३,६०,००० युरो खर्चून सहा देशांतल्या सुमारे ३०,००० लोकांची पाहणी करून घेतली. तीनशेहून जास्त पानांचा तो अहवाल मे २०१५ मध्ये तयार झाला आणि युरोपीय संसदेच्या तेव्हाच्या सदस्य यूलिया रेडा यांनी माहिती मागवल्यावर २०१७ मध्ये लोकांसमोर आला. दोन वर्षं तो ज्या कपाटात होता ते तुमचं नव्हतं, हे मान्य. संगीत, पुस्तकं आणि गेम यांची विक्री बेकायदा प्रतींमुळे घटते, याचा भक्कम सांख्यिकी पुरावा त्यात मिळाला नाही. पुरावा मिळाला नाही म्हणजे परिणामच नाही असं नव्हे, हेही अहवालातच नोंदवलेलं आहे. ठळक अपवाद एकच, ताज्या गाजणाऱ्या चित्रपटांचा. असे दहा चित्रपट बेकायदा पाहिले गेले की कायदेशीर पाहण्यात चारची घट.

तिसरी तक्रार यातूनच येते. फटका कुठल्या कामाला, कधी आणि कशाच्या बदल्यात बसतो, हे तुम्ही वेगळं करून सांगतच नाही. आमच्या दृष्टीने सगळं महत्त्व त्यालाच आहे.

वेळ सगळ्यात निर्णायक. चित्रपट प्रदर्शनाच्या आधीच फुटला तर, नंतर फुटला असता त्या मानाने, तिकीटबारीवरची कमाई सुमारे १९ टक्क्यांनी घटते, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. पाच वर्षांपूर्वीचा चित्रपट कोणी पेन ड्राइव्हवर दिला, तर हा १९ टक्क्यांचा हिशेब तिथे लावता येत नाही.

मग माध्यम. इम्के राइमर्स यांनी २०१६ मध्ये दाखवलं की बेकायदा प्रती हटवत राहिल्यावर ई-पुस्तकांची विक्री किमान १४ टक्क्यांनी वाढली, छापील पुस्तकांच्या विक्रीत मात्र फरक पडला नाही. सरळ आहे. पीडीएफ ही ई-पुस्तकाची जागा घेते, कागदी पुस्तकाची तितकीशी घेत नाही. ज्याचं उत्पन्न मुख्यतः ई-पुस्तकांवर आहे, त्याला फटका जास्त.

आणि काही कामं अशी, जिथे तुमचा गुणाकार जवळजवळ बरोबर येतो. गंमत म्हणजे त्यांचा उल्लेख तुम्ही कधीच करत नाही. चाळीस जणांचं गायकवृंद घ्या. स्वरलिपीची एक प्रत विकत घ्यायची आणि ३९ झेरॉक्स काढायच्या. इथे 'उतरवली पण उघडली नाही' असा प्रकार नसतो, कारण समोर कागद असल्याशिवाय गाताच येत नाही. चाळीस प्रतींचे पैसे नसते तर त्यांनी कदाचित कॉपीराइट संपलेली रचना निवडली असती, हे धरूनही संगीतकाराचं नुकसान खरं आणि मोजता येण्यासारखं आहे. कार्यक्रमाची नोंद झाली तर सादरीकरणाची रॉयल्टी तेवढी मिळते. नोंद नाही झाली तर तीही नाही. नेमलेल्या पाठ्यपुस्तकाचं असंच असतं. वर्गात मुलं किती ते ठरलेलं, पुस्तक लागणार हेही ठरलेलं. एक फाइल फिरली की तो हंगाम बुडाला, आणि पुढच्या वर्षी अभ्यासक्रम बदललेला.

उलट दिशेचाही एक दाखला. जानेवारी २०१२ मध्ये मेगाअपलोड ही फाइली साठवून वाटण्याची साइट बंद झाली. ते काही साधं शेअरिंग नव्हतं, तरी तुम्ही त्याचा दाखला देता म्हणून. दोन मोठ्या स्टुडिओंची डिजिटल कमाई त्यानंतर ६.५ ते ८.५ टक्क्यांनी वाढल्याचं एका अभ्यासात आढळलं. दुसऱ्या अभ्यासाने थिएटरमधली कमाई तपासली, तेव्हा शेकडो पडद्यांवर लागणाऱ्या मोठ्या चित्रपटांचा फायदा आणि छोट्या-मध्यम चित्रपटांचा तोटा दिसला. छोट्या चित्रपटाला जाहिरातीचं बजेट नसतं, त्याची तोंडोतोंडी होणारी चर्चा हीच जाहिरात, ती आटली. 'कलावंतांचं नुकसान' या दोन शब्दांत दोघांना एकत्र कोंबता येत नाही.

फुकट गाणी ऐकून लोक जलशाला येतात, असंही सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे : फाइल-शेअरिंगच्या काळात अल्बमची विक्री घटली आणि लहान कलाकारांचं कार्यक्रमांचं उत्पन्न वाढलं, असं २०१२ च्या एका अभ्यासात आढळलं. पण गाणाऱ्याचं वाढलं. गीतकार मंचावर नसतो, आणि भाषांतरकाराला ऐकायला कोणी तिकीट काढून येत नाही.

चौथी तक्रार, आणि खरं दुखणं हेच : कंपनीचं उत्पन्न आणि निर्मात्या माणसाचं उत्पन्न एकच आहे, असं तुम्ही गृहीत धरता.

नेटफ्लिक्सने मार्च २०१७ मध्ये 'पासवर्ड वाटणं म्हणजे प्रेम' अशा अर्थाचं ट्वीट केलं होतं. २०२३ मध्ये त्याच कंपनीने घराबाहेरच्या वापरावर पैसे लावले आणि वर्षभरात जवळजवळ ३ कोटी सदस्य वाढले. जाहिरातींसह मिळणाऱ्या स्वस्त योजनेचाही त्यात हात होता; तरी फुकट पाहणाऱ्यांपैकी बरेच जण पैसे देऊ शकत होते, ही गोष्ट उरतेच. ती आम्ही नाकारत नाही. पण त्याच २०२३ मध्ये अमेरिकेतले पटकथाकार २ मे ते २७ सप्टेंबर असे १४८ दिवस संपावर होते, आणि १४ जुलैपासून अभिनेत्यांचा ११८ दिवसांचा संप झाला. दोन्ही संपांतला एक मोठा मुद्दा स्ट्रीमिंगवर काम पुन्हा पुन्हा दाखवलं जातं, त्याच्या मानधनाचा होता. पासवर्डची गळती बुजवून आलेला पैसा आपोआप लेखकाकडे वाहत गेला नाही. त्यासाठी संप करून करारात कलम घालावं लागलं. त्या कलमानुसार मोठ्या बजेटचं काम पहिल्या ९० दिवसांत देशांतर्गत सदस्यांपैकी किमान २० टक्क्यांनी पाहिलं तर जास्तीची रक्कम मिळते, आणि किती तास पाहिलं गेलं याचा आकडा संघटनेला गोपनीयतेच्या अटीवर मिळतो.

संगीतात हेच दिसतं. जगभरातली ध्वनिमुद्रणाची कमाई १९९९ नंतर पंधरा वर्षं घसरत गेली आणि २०१५ पासून स्ट्रीमिंगच्या जोरावर सतत चढते आहे. पण तो पैसा बहुतेक ठिकाणी एका सामायिक हौदात जातो आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटला जातो. एखाद्याने महिनाभर एकाच लहान गायिकेला ऐकलं, तरी त्याच्या वर्गणीचा मोठा भाग सगळ्यात जास्त ऐकल्या जाणाऱ्यांकडे जातो. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला रॉयल्टीच मिळत नाही. एखाद्या हौशी गायकाचं गाणं ९९० वेळा कायदेशीरपणे ऐकलं गेलं, तर त्याला मिळतं शून्य. तेच गाणं त्याच्या मित्राने ९९० जणांना पाठवलं, तरी शून्य. तुमच्या पत्रकात यातला दुसराच शून्य नुकसान म्हणून नोंदला जातो.

पाचवी तक्रार थोडक्यात. जे विकत मिळतच नाही, त्याची विक्री बुडत नाही. पॉल हील्ड यांनी ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या नव्या प्रतींचा नमुना तपासला, तेव्हा १९८० च्या दशकातल्या पुस्तकांपेक्षा १८८० च्या दशकातली पुस्तकं जास्त निघाली. जुन्यांवर कॉपीराइट नाही म्हणून ती कोणीही छापतं. नव्यांवर आहे, आणि ज्याच्याकडे हक्क आहेत तो छापत नाही. अशा पुस्तकाची स्कॅन प्रत फिरते तेव्हा लेखकाचं उत्पन्न आधीच बंद पडलेलं असतं, आणि ते तुमच्या गोदामात बंद पडलेलं असतं. कुलपांचाही अनुभव जमेला धरा : चार मोठ्या संगीत कंपन्यांनी २००७ ते २००९ दरम्यान गाण्यांवरची, नक्कल रोखणारी डिजिटल कुलपं काढली, तेव्हा विक्री सरासरी १० टक्क्यांनी वाढली. कमी खपणाऱ्या अल्बमची तर ३० टक्क्यांनी.

आमच्या मागण्या अशा :

१. नुकसानीचा आकडा द्यायचा तर त्याच्याबरोबर पद्धतही द्या. किती प्रतींमागे एक विक्री गेली असं धरलं, तो दर कुठून आणि कोणत्या वर्षाच्या माहितीवरून आला, उतरवलेल्या प्रती मोजल्या की उघडलेल्या. नेमका आकडा काढता येत नसेल तर 'इतके ते इतके' असं लिहा.

२. साधं शेअरिंग आणि धंदेवाईक पायरसी यांचे रकाने वेगळे करा. कायद्याची मागणी ज्या रकान्यावर आधारलेली असेल, त्याच रकान्यातल्या लोकांपुरती करा.

३. रॉयल्टीच्या प्रत्येक पत्रकात विकलेल्या प्रती, निव्वळ प्राप्ती, दुकानांतून परत येतील म्हणून हिशेबातून राखून ठेवलेल्या प्रती आणि आगाऊ रकमेची शिल्लक बाकी, हे चारही आकडे असलेच पाहिजेत. राखून ठेवलेल्या प्रतींचा हिशेब कधी सोडणार, त्याची तारीखही. आम्ही नेमलेल्या हिशेबनिसाला वर्षातून एकदा वह्या पाहता आल्या पाहिजेत.

४. पुस्तक वा ध्वनिमुद्रण दोन वर्षं बाजारात नसेल तर लेखी मागणीवर हक्क परत करा. ई-पुस्तक साइटवर नुसतं टांगून ठेवलं की 'पुस्तक उपलब्ध आहे' असं धरणारं कलम बहुतेक करारांत असतं, ते काढा. त्याऐवजी वर्षाला किमान अमुक इतकी विक्री, असा आकडा घाला. तो किती असावा यावर बोलू.

५. बेकायदा प्रतींच्या दाव्यांत मिळालेली भरपाई आणि तडजोडीची रक्कम यांत निर्मात्याचा वाटा करारात लिहा. आज बऱ्याच करारांत याबद्दल चकार शब्द नाही, म्हणजे ज्याचं नुकसान म्हणून दावा लावला त्यालाच काही मिळेल याची खात्री नाही.

६. जिथे वाटणं थांबवता येत नाही, तिथे सामूहिक मोबदल्याला विरोध करू नका. ग्रंथालयातून पुस्तक उसनं गेलं की लेखकाला मोबदला, ही सोय डेन्मार्कने १९४६ मध्ये केली. घरगुती ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांवर आकार बसवून तो हक्कधारकांत वाटण्याची सोय जर्मनीने १९६५ च्या कायद्यात केली. दोन्हींचं तत्त्व एकच : वापरणाऱ्याच्या मागे धावायचं नाही, पैसे एका ठिकाणी गोळा करायचे आणि वाटायचे. फक्त वाटपात निर्मात्याचा हिस्सा आधी ठरलेला हवा, नाहीतर हाही पैसा हौदातच जाईल.

यातल्या तिसऱ्या आणि पाचव्या मागणीला नवा कायदा लागत नाही, उद्याच्या करारात दोन परिच्छेद वाढवले की काम झालं. पहिलीसाठी लागणारी माहिती तुमच्या कार्यालयात आहेच, नाहीतर आकडा काढला कसा? उत्तर खाजगीत नको, जाहीर द्या. आणि पुढचा आकडा छापाल तेव्हा त्याच्या शेजारी एक रकाना वाढवा : 'यातले निर्मात्याला किती मिळाले असते'. भरता येत नसेल तर कोरा ठेवा, पण छापा.

आपले,
ज्यांच्या नावाने हा हिशेब मांडला जातो ते
लेखक, भाषांतरकार, गीतकार, संगीतकार आणि पटकथाकार